बोंडअळीची बरदास्त

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती १६६४ ची स्वारी, मग १६७० ची दुसरी, आणि त्यांच्या मागोमाग इंग्रजांची वखार, मोगलांचा किल्लेदार आणि तापीच्या मुखाशी नांगरलेली गलबते. परंतु त्या दुसऱ्या स्वारीला पुरती वीस वर्षेही लोटली नव्हती अशा काळी, म्हणजे १६८९ साली, सुरतेस येऊन राहिलेला जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री आपल्या प्रवासवृत्तात या शहरातील ज्या एका विलक्षण संस्थेची हकिकत सांगतो, तिच्याकडे आमच्या क्रमिक पुस्तकांचे लक्ष कधी गेलेले दिसत नाही. शहरापासून सुमारे मैलभर अंतरावर वाणी-महाजनांनी चालविलेला एक मोठा पांजरपोळ होता आणि तेथे लंगडी, म्हातारी, रोगग्रस्त जनावरे पोसली जात, इतकी गोष्ट कोणासही समजण्याजोगी आहे. पण त्याच्या शेजारीच ढेकूण, पिसवा आणि माणसाच्या रक्तावर जगणारे तत्सम जीव यांच्यासाठी एक निराळी इमारत होती, आणि त्या जीवांना त्यांचा नेहमीचा आहार मिळावा म्हणून अधूनमधून एखाद्या गरिबास पैसे देऊन रात्रभर तेथील खाटेवर निजवीत व चाव्यांनी हैराण होऊन त्याने पहाटेपूर्वी पळ काढू नये म्हणून त्याला खाटेशी जखडून ठेवीत, असे ओव्हिंग्टन लिहितो. पुढे जेम्स फोर्ब्स याने १८१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हीच कथा थोड्या फरकाने सांगितली असून त्याच पांजरपोळात पंचाहत्तर वर्षे मुक्काम करून असलेल्या एका वृद्ध कासवाचीही नोंद केली आहे.

भाड्याच्या भिकाऱ्याची ही कथा जशीच्या तशी स्वीकारावी असे माझे मत नाही. परदेशी प्रवाशाला नवलाची हाव असते, आणि एकाने लिहिलेले नवल दुसऱ्याच्या लेखणीतून पुन्हा जन्म घेते, हा प्रवासवर्णनांचा जुना शिरस्ता आहे. मात्र लेफ्टनंट अलेक्झांडर बर्न्स, जो पुढे काबूलमध्ये मारला गेला, त्याने सुरतेच्या या पांजरपोळावर लिहिलेले टिपण १८३४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले, आणि त्यातील वर्णन मोजमाप करणाऱ्या माणसाचे आहे. आत शिरताच डाव्या हाताला सुमारे पंचवीस फूट लांबीचे एक घर, त्याची फळ्यांची जमीन आठेक फूट उंचावर, तिला पाडलेली भोके, आणि त्या भोकांतून खालच्या कोठीत भाविकांनी ओतलेले धान्य. त्या धान्यातील मूठभर त्याने हाती घेऊन पाहिले, तर धान्यपण नाहीसे होऊन नुसती वळवळ उरली होती. या घराला गुजरातीत जीवातखाना म्हणत.

ती मूठ मला पाहताक्षणी ओळखता येईल असे वाटते, कारण तशी मूठ आमच्याही घरी निघते. सुरतेतील उधना-लिंबायतच्या बाजूला खानदेशातून आलेली जी सहस्रावधी मराठी कुटुंबे नांदतात, त्यांच्या घरी अजूनही गावाकडची ज्वारी पोत्याने येते. आणि पावसाळ्यात चुकून झाकण सैल राहिलेला डबा उघडला की वरचे दाणे एकमेकांना रेशमी धाग्यांनी चिकटून त्यांचा गड्डा झालेला असतो, तो फोडावा तर आत पांढुरकी अळी अंग चोरून बसलेली असते, आणि डब्याच्या कडेवरून एखादा करडा, मातकट पतंग फडफडत निघून जातो. ‘जोंधळ्याला जाळी लागली’ एवढेच म्हणून घरातील बाई ते धान्य उन्हात घालते. हा पतंग म्हणजे शास्त्रज्ञांचा कॉर्सिरा सेफॅलोनिका, तांदळावरील पतंग. त्याच्या जोडीला सोंडे आणि तांबडे भुंगेरे असले की बर्न्सने पाहिलेल्या कोठीचा बहुतेक परिवार पुरा होतो. पुण्य जोडण्याच्या भावनेने धान्य ओतणाऱ्या त्या महाजनांना कल्पनाही नसेल की बंदिस्त जागेत, माणसाने पुरविलेल्या अन्नावर, पिढ्यान्‌पिढ्या कीटक पोसण्याचा एक कारखानाच आपण उघडून ठेवला आहे. आज त्याच सुरतेच्या भोवती, आणि आपल्या महाराष्ट्रातही, हाच उद्योग पगारी माणसे, तापमापक आणि नोंदवह्या घेऊन करतात; फक्त हेतू उलटा झाला आहे. त्या काळी जीव जगावा म्हणून त्याला खाऊ घालीत, आता त्याला मारण्याची विद्या साध्य व्हावी म्हणून त्याची बरदास्त ठेवतात.

या उलटापालटीच्या मुळाशी कापूस आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानातून जो आखूड धाग्याचा माल उचलला, त्या सगळ्या मालाला, मग तो खानदेशचा असो वा वऱ्हाडचा, तेथील बाजारात ‘सुरत’ हेच नाव पडले होते. पुढे याच शहरातील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस सिद्ध केला आणि १९७० साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. ते केंद्र सांप्रत नवसारी कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. पण कापसाबरोबर कापसाचा शत्रूही याच भूमीशी नाते सांगतो. बोंडात शिरून सरकी पोखरणारी जी शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी, तिचे शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स याने १८४३ साली प्रथम केले, ते भडोचच्या सरकारी कापूस-मळ्यांवरून विलायतेस पाठविलेल्या नमुन्यांवरून. भडोच म्हणजे सुरतेहून रेल्वेने तासाभराची वाट.

आता एखाद्या किडीचा अभ्यास करावयाचा तर ती कीड हाताशी हवी, आणि नुसती हवी एवढेच नव्हे तर बारमाही, शेकड्यांनी, एकाच वयाची आणि निरोगी हवी. शेतातून वेचून आणलेल्या अळ्यांपैकी एक आज कात टाकणार असते, दुसरी उद्या कोषात जाणार असते, तिसरीच्या पोटात आधीच एखाद्या परोपजीवी माशीचे पिलू वाढत असते, आणि चैत्र-वैशाखात तर शेतात बोंडच नसते. बोंडे तोडून आणून प्रयोगशाळेत अळ्या वाढवाव्या म्हटले तर ती कुजतात, सुकतात. शिवाय त्यांवर कोणी केव्हा काय फवारले असेल याचा भरवसा नाही. तेव्हा निसर्गात त्या कीटकाने कधी तोंडही लावले नसते असे एखादे अन्न माणसाने आपल्या हाताने रांधावे आणि त्याच्यावर त्याची पिढीमागून पिढी निघावी, हा एकच मार्ग उरतो. यालाच कीटकांचा कृत्रिम आहार म्हणतात.

ऐकायला हे सोपे वाटते. माणसाच्या ताटातील वरणभात जो खातो त्याला किड्याचे ताट वाढणे काय अवघड, असे मनात येते. बोग्दानोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०८ साली मांसाचा अर्क, पिष्ट आणि क्षार यांच्या मिश्रणावर मांसमाशीच्या अळ्या वाढवून दाखविल्या, तो या विद्येचा आरंभ मानतात. पण मांसमाशी ही उकिरड्यावरची. तिला सोवळेओवळे नाही. पाने व फळे खाणाऱ्या कीटकांचे तसे नसते. त्यांच्यापुढे पोषणाने ओतप्रोत भरलेले अन्न ठेवले तरी, हे आपले अन्न आहे असे ओळखल्यावाचून ते त्याला शिवत नाहीत आणि उपाशी मरतात. व्हेर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्येच दाखविले होते की कोबीवरच्या फुलपाखराची अळी कोबी ओळखते ती मोहरीच्या कुळातील तिखट द्रव्यावरून. ते द्रव्य लावले तर ती इतर पानेही खाऊ लागते. जपानात हामामुरा आणि त्यांचे सहकारी यांनी रेशमाच्या किड्याचे पृथक्करण याहूनही सूक्ष्मपणे केले. तुतीच्या पानातील काही सुगंधी द्रव्ये अळीला जवळ ओढतात, काही निराळी द्रव्ये तिला चावा घ्यायला लावतात, आणि चावलेला घास गिळण्यासाठी तिला आणखी तिसऱ्याच द्रव्यांची खूण पटावी लागते, असे त्यांनी सिद्ध केले. जवळ येणे, चावणे, गिळणे ही तीन निरनिराळी दारे आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी! पंगतीत पाहुण्याला आग्रह करणे पुष्कळ सोपे.

ओळख पटून घास पोटात गेला तरी काम संपत नाही. आपले शरीर आवश्यक तेवढे कोलेस्टेरॉल स्वतः घडविते आणि ते फाजील झाले म्हणून आपण वैद्याकडे धाव घेतो. कीटकाला मात्र ते, किंवा त्याच्या जातीचे वनस्पतिजन्य द्रव्य, घडविताच येत नाही, अन्नातूनच मिळावे लागते, ही गोष्ट १९३५ च्या सुमारास हॉब्सन याने माशीच्या अळ्यांवर दाखविली. लंडनमध्ये फ्रेंकेल आणि ब्लूएट यांनी धान्यातील किड्यांवर जीवनसत्त्वे एकेक करून तपासली. त्यांच्या पिठातल्या पतंगाच्या प्रयोगांत असे दिसले की आहारात विशिष्ट स्निग्धाम्ल नसेल तर अळी वरकरणी धडधाकट वाढते, कोषही करते, पण कोषातून बाहेर पडणाऱ्या पतंगाच्या पंखांवर खवले धरत नाहीत आणि पंख चोळामोळा झालेल्या कागदासारखे राहतात. म्हणजे बाळपणीच्या उपासमारीचा जाब यौवनात मिळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. सरमा यांनी १९४० नंतरच्या दशकात आपल्या ज्वारीच्या डब्यातील याच तांदळाच्या पतंगाची अळी पोषणशास्त्रातील प्रयोगप्राणी म्हणून वापरली. उंदीर पोसण्यापेक्षा ती फार स्वस्त पडत असणार, हे सांगायला नकोच.

आणि मग शेंदरी बोंडअळी. ही तर घराबाहेर न पडणारी. अंड्यातून निघाल्यापासून बोंडाच्या आत, सरकीच्या आत, अंधारात आयुष्य कंठणारी. तिला बोंडावाचून जगविणे अशक्यप्राय वाटत असता अमेरिकेतील टेक्सास येथे एर्मा व्हॅन्डरझांट व रेमंड रायझर यांनी १९५६ साली दुधातील केसीन, साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि चायनाग्रास यांच्या निर्जंतुक मिश्रणावर तिला अंड्यापासून पतंगापर्यंत नेले. चार वर्षांनी, १९६० मध्ये, व्हॅन्डरझांट आणि अॅडकिसन यांच्या गटाने त्यात गव्हाच्या दाण्यातील अंकुराचा भाग घातला आणि आहार एकदम सुलभ झाला. भडोचच्या कापसात सापडलेल्या किड्याला टेक्सासात गव्हाचा शिधा मानवला! आज जगभरच्या प्रयोगशाळांत शेकडो जातींच्या अळ्या ज्या आहारांवर पोसल्या जातात त्यांपैकी कितीतरी या गव्हाच्या आहाराचेच वंशज आहेत.

आपल्याकडे गव्हापेक्षा हरभरा जवळचा. कापसावर जिला हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तीच तुरीवर शेंगा पोखरते आणि हरभऱ्यावर गेली की घाटेअळी या नावाने ओळखली जाते. तेव्हा तिला बेसनाचा आहार देणे म्हणजे माहेरचे जेवण वाढण्यासारखेच आहे. तिच्या मुदपाकखान्यातील एक प्रचलित कृती येथे तपशिलाने सांगतो, कारण कीटकशास्त्राचा कोणताही ग्रंथ चाळण्यापेक्षा ही कृती पाहिल्याने विषय लवकर उमगेल. सुमारे १०५ ग्रॅम काबुली चण्याचे पीठ घ्यावयाचे. पाणी एकूण ७८० मिलिलिटर. त्यातील निम्म्यात पीठ, यीस्ट आणि बुरशीनाशके कालवायची, उरलेल्या निम्म्यात पावणेतेरा ग्रॅम चायनाग्रास उकळून विरघळवायचे, जे आपण उपासाच्या दिवशी दुधात घालून वड्या पाडतो तेच. दोन्ही मिश्रणे यंत्रात घुसळून एक करायची आणि ती किंचित निवली, म्हणजे हाताला सोसवेल इतपत गरम राहिली, की मग त्यात सव्वातीन ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व, औषधाच्या दुकानात मिळतात त्याच बहुविध जीवनसत्त्वांच्या दोन कुप्या आणि थोडे प्रतिजैविक घालायचे. जीवनसत्त्वे आधी घातली तर उष्णतेने नासतात, फार उशिरा घातली तर मिश्रण घट्ट होऊन ती एका जागी गोळा होतात. सारे कसब या चार-दोन मिनिटांत आहे. बुरशी धरू नये म्हणून जी दोन द्रव्ये घालतात, ती मुरंब्या-जॅमच्या बरण्यांतही असतात. तयार झालेला पदार्थ फिकट पिवळा, थरथरता, हलव्याच्या पातळ वडीसारखा दिसतो. वासही भाजक्या डाळीचा येतो. खाऊन पाहण्याचा मोह होतो असे म्हणतात, परंतु त्यात थोडे फॉर्मॅलिनही असते याचे स्मरण ठेवलेले बरे. या साऱ्या जिन्नसांत खर्चाची बाजू बहुधा चायनाग्रासच भारी करतो, चणे नव्हे. समुद्रशेवाळापासून काढलेला हा निःसत्त्व पदार्थ अळीच्या पोटात जाऊन कसलेही पोषण करीत नाही, त्याचे काम केवळ पाणी धरून ठेवणे आणि वडीला आकार देणे एवढेच. पण पाणी सुटले तर अळी बुडून मरते आणि सुकले तर उपाशी मरते.

वडी काचेच्या लहान लहान कुप्यांत ओतून प्रत्येकीत एकच अळी सोडतात. यात काटकसर करता येत नाही. घाटेअळी जरा मोठी झाली की दुसरीला खाऊन टाकते, मग समोर कितीही बेसन असो. म्हणून एका कोठडीत एकच बंदिवान, तोंडाला कापसाचा बोळा, आणि मांडण्यांवर अशा हजारो कोठड्या. कोषातून पतंग निघाले की त्यांना मधाच्या पाण्यात भिजविलेला कापूस चाटायला देतात. मादी पिंजऱ्याला आतून लावलेल्या फडक्यावर अंडी घालते, ती अंडी धुऊन जंतुविरहित करतात, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे पाहिले की मनाला थोडा धक्का बसतो. या पोसलेल्या अळ्यांपैकी पुष्कळशा, नेमक्या धष्टपुष्ट होण्याच्या बेतात असताना, निराळ्या खोलीत नेऊन विषाणू लावलेल्या वडीवर सोडतात. या विषाणूमुळे घाटेअळीला एक संसर्गजन्य रोग होतो. शेतात तो झालेली अळी झाडाच्या शेंड्याला उलटी लोंबकळून मरते आणि तिच्या शरीराचे पाणी होते. प्रयोगशाळेत आठवडाभरात मेलेल्या अळ्या वाटून, मलमलीच्या फडक्यातून गाळून, यंत्राने घुसळून जो विषाणू मिळतो तो हेक्टरी २५० अळ्यांच्या प्रमाणात पाण्यात मिसळून फवारला की इतर कोणत्याही प्राण्याला, माणसाला किंवा मधमाशीला इजा न होता घाटेअळीचाच नाश होतो. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ‘एच.ए.एन.पी.व्ही., २५० एल.ई.’ असे जे संक्षेप दिसतात त्यांचा अर्थ एवढाच: अडीचशे अळ्यांइतका विषाणू. तो विषाणू वाढविण्यासाठी जिवंत अळीच लागते, आणि अळीसाठी बेसन. हाच रोग चुकून पैदाशीच्या खोलीत शिरला तर मात्र महिनोन्‌महिन्यांची वसाहत चार दिवसांत निकालात निघते. म्हणून दोन्ही खोल्यांत जाण्यायेण्याबाबतचे हुकूम रुग्णालयाहून कडक असतात.

जीवातखान्याशी सर्वांत जवळचे नाते मात्र त्या ज्वारीच्या पतंगाचे आहे. बारडोली, मढी, चलथान, सायण या सहकारी साखर कारखान्यांमुळे सुरत जिल्हा उसाचा झाला, आणि ऊस म्हटला की खोडकिडा, शेंडेकिडा, कांडीकिडा आलेच. त्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालून त्यांचा जन्मापूर्वीच निकाल लावणारी ट्रायकोग्रामा नावाची एक गांधीलमाशीच्या कुळातील माशी आहे. लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पूर्णविरामाच्या टिंबावर बसली तरी टिंब थोडे उरेल. तिची पैदास करायची तर तिला अंडी हवीत, लाखोंनी हवीत, आणि ती पुरविणारा सर्वांत स्वस्त प्राणी म्हणजे आमच्या डब्यातील तो मातकट पतंग. पसरट पेट्यांत अडीच किलो भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, वरून शंभर ग्रॅम भुईमुगाचा कूट, चिमूटभर यीस्ट, आणि गोचिडीच्या जातीचे सूक्ष्म कोळी होऊ नयेत म्हणून गंधक, एवढ्या शिध्यावर पतंगाची अंडी पेरली की चाळीसेक दिवसांनी पेटीच्या झाकणाला पतंग लगडू लागतात. ते जाळीच्या पिंजऱ्यात घातले म्हणजे त्यांची अंडी जाळीतून खाली रव्यासारखी झडतात. ती पाखडून, अतिनील किरणांखाली धरून आतला गर्भ मारून, डिंक लावलेल्या पुठ्ठ्यावर एकेरी थराने पसरली की झाले ट्रायकोकार्ड. त्यावर ट्रायकोग्रामा सोडली की तीनचार दिवसांत अंडी काळी पडतात, आणि त्या पट्ट्या कापून उसाच्या पानाखाली टाचतात. एका घनसेंटिमीटर अंड्यांत अठरा हजारांच्या आसपास जीव असतात असा हिशेब सांगतात. येथे आहार कृत्रिम म्हणावा की नैसर्गिक, असा वाद कोणी घालील. ज्वारी तर हा पतंग घरीही खातो. मला वाटते, माप ठरवून, भाजून, औषध घालून वाढलेल्या जेवणाला घरचे जेवण म्हणत नाहीत.

या खोल्यांत काम करणाऱ्यांची एक अडचण ग्रंथांत दोन ओळींत उरकलेली असते. पतंगाच्या पंखांचे खवले पिठासारखे हवेत तरंगत राहतात आणि वर्षानुवर्षे ते श्वासावाटे घेणाऱ्याला दम्याची व्याधी जडू शकते. तोंडाला फडके बांधल्यावाचून पतंग गोळा करू नयेत असा नियम आहे, पण उकाड्यात तो कितपत पाळला जातो हे पाहणाऱ्यालाच ठाऊक. आणखी गंमत अशी की या पेट्यांवर ब्रॅकॉन नावाची दुसरी परोपजीवी माशी चोरून डल्ला मारते. शेतात तिला आपण मित्रकीटक म्हणून गौरवितो. येथे ती खिडकीच्या जाळीच्या एका भोकातून शिरली की दरोडेखोर ठरते.

कृत्रिम आहाराचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग मात्र यांपैकी कशातही नाही. तो साक्षीपुराव्याचा आहे. भारतात मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच निर्माण व्हावे अशी त्यात योजना होती. आता काही वर्षांनी शेतकरी म्हणू लागला की अळी मरत नाही, तर दोष बियाण्याचा, हवामानाचा, की अळीच विषाला निर्ढावली, याचा निवाडा कसा व्हावा? झाडावर तो होत नाही, कारण झाडातील विषाचे प्रमाण वयाप्रमाणे आणि अवयवाप्रमाणे बदलते. म्हणून वेगवेगळ्या जिल्ह्यांतून अळ्या आणून, त्यांची पिल्ले मोजून मापून विष घातलेल्या वडीवर सोडतात. एका ओळीत विष शून्य, पुढच्या ओळीत थोडे, त्यापुढे अधिक, आणि ठरावीक दिवसांनी किती मेल्या, किती खुरटल्या याची मोजदाद करतात. वडी सर्वांची एकच असल्यामुळे जो फरक दिसेल तो अळीतला. अशाच परीक्षांतून गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांतील शेंदरी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला जुमानत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. दोन विषांचे दुसऱ्या पिढीचे बियाणे तोवर शेतात आलेलेच होते. पण त्यालाही ती पुढे निर्ढावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याच्या बोंडांत तिने काय केले हे आपल्या वाचकांना मी सांगावे असे नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अळीच्या या निर्ढावलेपणावर नजर ठेवून असते. विष नसलेल्या ओळीतील अळ्याच जर निकृष्ट आहारामुळे अर्धमेल्या झाल्या, तर हा सारा पुरावा फुकट जातो. वडी कच्ची राहिली तर निवाडाही कच्चा.

बंदिवासाचा म्हणून एक दोषही असतो. वीसपंचवीस पिढ्या वडीवर काढलेली अळी हळूहळू वडीचीच होऊन जाते. जी वडीवर चांगली वाढते तिचीच संतती टिकते, उडण्याची, यजमान झाड हुडकण्याची कसोटी कोणी घेत नाही, आणि कालांतराने प्रयोगशाळेतील किडा हा शेतातील किड्याचा नातलग तेवढा उरतो. म्हणून जाणते लोक अधूनमधून रानातले पतंग आणून त्यांचे रक्त मिसळतात.

अमेरिकनांनी याच विद्येवर मोठा डाव खेळला. अॅरिझोनातील फीनिक्स येथे त्यांनी शेंदरी बोंडअळीचा कारखाना काढला, कोट्यवधी अळ्या आहारावर पोसल्या, आणि त्या आहारात तेलात विरघळणारा तांबडा रंग मिसळला, जेणेकरून त्यातून निघालेला पतंग पुढे सापळ्यात सापडला तर चिरडताच आतून लाल निघावा व हा आपला की रानचा, याची ओळख पटावी. हे पतंग किरणोत्साराने वांझ करून विमानांतून शेतांवर सोडले. रानच्या मादीने त्यांच्याशी संग केला की अंडी निष्फळ. बीटी कापूस आणि हे वांझ पतंग अशा दुहेरी माऱ्याने, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात व लगतच्या मेक्सिकोत मिळून अकरा अब्जांवर पतंग सोडून, त्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या देशातील कापसातून ही अळी समूळ गेल्याचे जाहीर केले. आपल्याकडे ते जसेच्या तसे होईल असे मला वाटत नाही. तेथील शेतकरी थोडे आणि क्षेत्रे सलग. येथे एकेका तालुक्यात हजारो खातेदार, प्रत्येकाची पेरणीची तारीख निराळी.

पण त्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली होती आणि ती करायला विमान लागत नाही: हंगाम संपताच त्यांनी अळीचे अन्न तोडले. आपण नेमके उलट करतो. पाण्याची सोय असली की डिसेंबरनंतरही कापूस उभा ठेवून फरदड घेतो, चार-दोन क्विंटलच्या लोभाने मार्च-एप्रिलपर्यंत हिरवी बोंडे राखतो, पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचून ठेवतो आणि जिनिंगच्या आवारात किडक्या सरकीचे ढीग पडू देतो. शेंदरी बोंडअळी दोन सरक्या एकत्र शिवून त्यांच्या पोटात महिनोन्‌महिने झोपून राहू शकते, तेव्हा तिला बेसन नको, चायनाग्रास नको, जीवनसत्त्वाच्या कुप्याही नकोत. सुरतेच्या महाजनांचा जीवातखाना निदान पंचवीस फूट लांबीचा होता. कापूसवाल्या वाचकांना एवढीच विनंती, की यंदा डिसेंबरअखेर शेत मोकळे करा, पऱ्हाट्यांची कुट्टी करून जमिनीत गाडा, आणि फरदड घेऊ नका.